‘म्हंजे काय?’ विचारणाऱ्या माझ्या बाईला

प्रिय बाई,

आज सकाळी निकाल लागला. कॉलेजच्या फळ्यावर यादी डकवली होती आणि तिच्यात माझा नंबर नव्हता. वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली, मग शेजारी उभ्या असलेल्या मुलाला पाहायला लावली. त्यानंही बिचाऱ्यानं दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाला, "नाही रे देविदास." दुसऱ्यांदा नापास झालो, बाई. पहिल्या वर्षातच! तिसऱ्यांदा बसायला कोणी अडवत नाही म्हणा, पण स्कॉलरशिप बंद होते आणि वसतिगृहातली जागा जाते. आपल्यासारख्याला ते अडवल्यासारखंच.

दिग्रसची गाडी चार वाजता आहे. बाबा तिथं स्टँडवर येऊन उभा राहणार. मी निघताना म्हटलं होतं, कशाला येतोस, मी येईन चालत घरी. तर म्हणाला, "काहून? निकाल काय घरीच आयकू? स्टँडवर चार लोक असतात." चार लोकांना ऐकवायचा आहे त्याला! त्याला काय सांगायचं हे ठरवायला माझ्याकडे तीन तास आहेत. आजवर ज्या थोरल्या बहिणीला विचारून मी सगळं ठरवलं ती मागच्या भादव्यात गेली. म्हणून तुला लिहायला बसलो. तू गेल्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज गरज पडली तशी वहीची पानं फाडली. मी असाच आहे, तुला काही ते नवीन नाही.

वसतिगृहाला सुट्टीचं कुलूप आहे. व्हरांड्यात बसलो आहे. ऊन पार पायापर्यंत आलं आहे, पण उठावंसं वाटत नाही.

माय गेली तेव्हा मी दुसरीत होतो आणि तू चौथीत. एका सकाळी बाबानं तुझी पाटी माझ्या दप्तरात टाकली आणि तुझ्यापुढं पीठ मळायची काथवट सरकवली. एवढ्यावर तुझी शाळा संपली. तू रडलीस का गं तेव्हा? मला खरंच आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आपल्याकडं आता दोन पाट्या झाल्या म्हणून मी दिवसभर मिरवत होतो.

आपण बुद्धाचे झालो त्या वर्षी मी आठवीत गेलो, दिग्रसच्या हायस्कुलात. बाबानं मेलेली ढोरं ओढणं सोडलं, घरातले देव नदीत नेऊन सोडले आणि कापसाच्या जिनात कामाला लागला. देवाचा कोनाडा रिकामा झाला तर तू तो सारवलास, पोतेरं फिरवलंस आणि माझी पुस्तकं तिथं मांडलीस. बाबा म्हणाला, "आता याच्यातूनच काय ते निघन."  दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं बसून तू म्हणालीस, "वाच. काय निघते ते पाहू तरी."

तिथून ते सुरू झालं. रोज सकाळी तू भाकरी थापायचीस आणि मी पाटावर बसून मोठ्यानं वाचायचो. सुट्टीच्या दिवशी कापूस वेचणीला जायचीस तेव्हा पऱ्हाटीच्या एका ओळीत तू, शेजारच्या ओळीत पुस्तक धरून मी. तुझे दोन्ही हात बोंडांवर, ओटीत कापूस पडतो आहे, आणि कान माझ्याकडं. मी घडाघडा वाचत निघालो की तू थांबवायचीस. "थांब. म्हंजे काय?" मी म्हणायचो, म्हणजे तेच, जे लिहिलं आहे ते. "ते नाही. मले समजन असं सांग." मला सांगता आलं नाही की म्हणायचीस, मागचं वाच. मग पुन्हा मागचं. तीनदा वाचून झालं की तूच सांगायचीस.

क्षेत्रफळ आणि परिमिती! हायस्कुलात अर्ध्या वर्गाचा त्यात गोंधळ व्हायचा. तू तव्यावरची भाकरी उलटवत म्हणालीस, "अरे, एवढी भुई सारवाले किती शेण लागन, ते क्षेत्रफळ. अन् भवताल काट्याचं कुंपण घालाले किती काट्या लागतीन, ते तुहं दुसरं. हाय काय त्याच्यात?" त्यानंतर माझं एकही गणित चुकलं नाही. मास्तर म्हणायचे, देविदासचं डोकं चांगलं आहे. मीही तसंच समजून चाललो. मास्तर सांगतात म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?

महाराष्ट्र झाला त्याच उन्हाळ्यात मी मॅट्रिक झालो. आपल्या वस्तीतला पहिला. बाबानं सगळ्यांना गूळ वाटला. लोकांनी मला हार घातला, भाषण करायला लावलं. मी बाबाचे आभार मानले, हेडमास्तरांचे मानले, समाजाचे मानले. तुझं नाव घेतलं नाही. मुद्दाम टाळलं असंही नाही गं. ते मनातच आलं नाही. तू मागं बायांमध्ये उभी होतीस. घरी आल्यावर मला वाटलं तू रागावशील, तर तू विचारलंस, "भाषण चांगलं झालं. पण ते ‘अविरत परिश्रम’ म्हंजे काय रे?" मलाही ठाऊक नव्हतं! हेडमास्तरांनी लिहून दिलं होतं ते. आपण दोघं किती हसलो होतो त्या दिवशी.

तुझं लग्न तेव्हा व्हायला हवं होतं. बाबा आधी म्हणे, याची मॅट्रिक होऊ दे, घरात भाकर टाकणारं कोण आहे? मॅट्रिक झाली तर म्हणे, याचं कॉलेज मार्गी लागू दे. वस्तीतल्या बाया काय काय बोलत ते मला ऐकू येत होतं. तुलाही येत असेलच. तू एकदाही माझ्यावर का नाही उखडलीस? दोन शब्द बोलली असतीस तर आज मला जरा सोपं गेलं असतं.

आणि मग कॉलेज. तुला मी पत्रात लिहायचो की सगळं उत्तम चालू आहे. ते खोटं होतं, पहिल्या पत्रापासून. सायन्स घेतलं, कारण हेडमास्तर म्हणाले हुशार मुलं सायन्सच घेतात. पहिल्या दिवशी फिजिक्सचे सर वर्गात आले आणि तासभर इंग्रजीत बोलले. मला आठ-दहा शब्द कळले असतील. शेजारची मुलं भराभर लिहीत होती. इंग्रजी स्पेलिंग करत बसलो तर सर तीन वाक्यं पुढं गेलेले असायचे. मग मी एक शक्कल काढली. ते जे बोलतील ते जसंच्या तसं आपल्या अक्षरांत लिहून काढायचं. ‘द हीट रिक्वायर्ड टू रेज द टेम्परेचर’, असं. वह्याच्या वह्या भरल्या. इतकी सुंदर अक्षरं, आणि आत काय आहे ते लिहिणाऱ्याला ठाऊक नाही! मग ते सगळं पाठ करायचं. मला पाठांतर चांगलं येतं हे तुला माहीत आहे. मी म्हटलं, कळायचं काय, कळेल नंतर.

त्या दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो. तू वेचणीवर होतीस. मला पाहून तुझा चेहरा असा उजळला, आणि पहिलं वाक्य, "आणली काय वही? वाच." मी पऱ्हाटीच्या ओळीच्या कडेनं चालत वाचू लागलो. एकदाही अडखळलो नाही. वेचणाऱ्या बाया काम थांबवून ऐकत होत्या. एक जण म्हणाली, "बाई वं, साहेबावानी बोलते पोरगं!" मला बरं वाटलं. आणि तू विचारलंस, "मंग, म्हंजे काय?"

माझ्याकडं काहीच नव्हतं, बाई. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. तू पुन्हा विचारलंस, अगदी साधेपणानं, जशी नेहमी विचारायचीस. आणि मी सगळ्या बायांसमोर ओरडलो, "तुले काय समजते त्यातलं? इंग्रजी हाय ते! चौथी शिकलेल्या बाईनं कायले मधात पडावं?"

तू म्हणालीस, "इचारलं फकत." आणि पुढच्या झाडाकडं सरकलीस. बाया हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर चाललं असतं. मी वही मिटून घरी गेलो आणि त्या सुट्टीत पुन्हा तुझ्यापुढं वाचलं नाही. तूही वाच म्हणाली नाहीस.

पहिल्यांदा नापास झालो तेव्हा बाबानं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तूच त्याला समजावलंस. "तिथलं कठीण असते बाबा. एकडाव आनखी बसू द्या त्याले. माह्या लग्नाची काही घाई नाही." हे तू म्हणालीस तेव्हा मी दाराआड उभा होतो. तेव्हा आत यायला हवं होतं. आत येऊन बाबाला सांगायला हवं होतं की मला काही कळत नाही आणि आधीही कळत नव्हतं. मी आलो नाही. तू मला वाचवत होतीस आणि मला वाचायचं होतं.

त्याच उन्हाळ्यात एकदा शेंगा फोडता फोडता तू हळूच विचारलंस, "मले एबीसीडी शिकवशीन काय? म्हंजे म्या समजून घेईन, अन् मंग तुले सांगीन." मी हसलो. म्हटलं, त्याला लय दिवस लागतात. "किती?" दिवस नाही, वर्षं लागतात म्हटलं. तू हातातली शेंग तशीच ठेवून हिशेब केलास. "मंग राहू दे. तुही परीक्षा त्याच्या अगुदरच हाय."

हे आठवलं की मला बसवत नाही. तू स्वतःसाठी शिकायचं म्हणालीच नाहीस! इंग्रजीही तुला माझ्याचसाठी हवी होती.

भादव्यात तुला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस तू अंथरुणावर होतीस आणि मला कोणी कळवलं नाही. मी आलो तेव्हा सगळं आटपलं होतं. बाबा म्हणाला, "तिनंच मना केलं. त्याची सहामाही हाय म्हने, त्याले सांगू नोका." कोणी सांगितलं होतं तुला हे? त्या सहामाहीत मला फिजिक्समध्ये अकरा मार्क मिळाले, बाई. अकरा! तेवढ्यासाठी तू मला तुझं तोंडही पाहू दिलं नाहीस. रागवायचं तर मी तुझ्यावर याचसाठी रागावेन. बाकी कशाचा मला हक्क नाही.

तुला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी कोणाला सांगितली नाही. हिवाळ्यात फिजिक्सच्या सरांनी मला तासानंतर थांबवून घेतलं. माणूस वाईट नाही. मला वाटलं होतं रागावतील. ते म्हणाले, "देविदास, तुम्ही पानंच्या पानं पाठ लिहिता. एक काम करा. हे मला मराठीत सांगा. तुमच्या घरच्या भाषेत सांगितलंत तरी चालेल. तुमच्या शब्दांत."

दोन वर्षं मी स्वतःला सांगत होतो की घोडं इंग्रजीपाशी अडलं आहे. इंग्रजी येत नाही म्हणून देविदास मागं आहे, नाहीतर डोकं चांगलंच आहे. आणि आता इंग्रजी बाजूला ठेवून तो माणूस समोर उभा होता. मी तोंड उघडलं. काही आलं नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माझे शब्द म्हणून जे काही माझ्याकडं होतं ते सगळं तुझं होतं. मी सरांना म्हटलं, "सर, माझी बहीण वारली." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, असू द्या, जा तुम्ही. त्यांना वाटलं मी दुःखात आहे. मी त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं होतं, ते त्यांना कळलं नाही, आणि कळावं अशी माझीही छाती झाली नाही.

परीक्षेत तेच ‘हीट रिक्वायर्ड’ आलं जे मी तुला वेचणीवर वाचून दाखवलं होतं. मी पाठ केलेलं लिहिलं. पुढं दोन ओळींत कारण द्या म्हटलं होतं, ती जागा कोरी सोडली. पेपर संपवून बाहेर आलो, चहाच्या दुकानापाशी उभा राहिलो. चहावाल्यानं चुलीवर रिकामं पातेलं ठेवलं, ते लगेच तापलं. पाणी ओतलं तर आंधण यायला किती वेळ लागला! मी बघत राहिलो आणि एकदम कळलं. सारखाच जाळ, पण पातेल्याला थोडा पुरतो, पाण्याला जास्त लागतो. हेच होतं ते. एवढंच होतं! दोन वर्षांत एक गोष्ट माझी मला कळली, आणि ती पेपर देऊन झाल्यावर. मला वाटलं धावत जाऊन कोणाला तरी सांगावं. मग मी चहा न घेताच खोलीवर गेलो.

एक गोष्ट कळायला मला दोन वर्षं लागली. तुला भाकरी उलटेपर्यंत कळली असती. असं असताना मी पुढं काय शिकणार? मला कोणी तिसरी संधी दिली तरी मी नको म्हणेन. हा रुसवा नाही. खरंच तसं आहे.

आता चारला थोडाच वेळ राहिला. स्टँडवर बाबा विचारेल, "काय झालं रे?" मी सकाळपासून उत्तरं जुळवतो आहे. निकाल राखून ठेवला म्हणू? महिनाभर निभेल. इंग्रजीनं घात केला म्हणू? ते सगळ्यांना पटतं. सगळ्यात सोपं म्हणजे तुझं नाव सांगणं. बहीण गेली, पोराचं लक्षच लागलं नाही, बिचारा! मी काही बोललो नाही तरी लोक हेच म्हणतील. बाबाही मानेल. मी एकदा सरांपुढं ते करून बसलोच आहे. जिवंत होतीस तेव्हा तुझ्या जिवावर पास झालो आणि आता तुझ्या मरणावर नापासही होऊ? एवढा निलाजरा मी आहे की नाही, ते आज ठरायचं आहे.

खरं सांगितलं तर बाबाचं काय होईल ते मला दिसतं. त्याला दोनच लेकरं होती. त्यानं एकाला शिकवलं आणि एकीला चुलीशी बसवलं, आणि डोकं कुठं होतं ते त्याला कधी दिसलं नाही. तुझ्या जाण्यानं तो आधीच वाकला आहे. आता वर हेही त्याच्या माथी मारायचं? मला एकदा वाटतं, कशाला? तू तर गेलीस. तुला आता कोण शाळेत घालणार आहे? मग वाटतं, तो तुला ‘गरीब होती बिचारी, भाकरी चांगल्या करायची’ एवढंच म्हणून आठवत राहील. जन्मभर. आणि मी शेजारी बसून ऐकत राहीन.

पुढं मी काय करीन मला ठाऊक नाही. बाबाच्या ओळखीनं जिनात सरकीच्या पोत्यांवर लागेन बहुतेक. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. खरं म्हणजे आता कशाचंच वाटत नाही.

पण एक वचन देतो, बाई. गाडीतून उतरल्याबरोबर, तिथं जे कोणी उभे असतील त्यांच्यादेखत, मी बाबाला सांगणार की आपल्या वस्तीतली पहिली मॅट्रिक तू होतीस, मी नुसता पेपराला बसलो होतो. तो ऐकणार नाही. म्हणेल, पोरगं नापास झालं म्हणून बरळून राह्यलं. मग दुसऱ्या दिवशी सांगेन. तिसऱ्या दिवशी सांगेन. त्याला पटेपर्यंत सांगेन, आणि पटलं की तो माझ्याकडं ज्या नजरेनं बघेल ती सोसेन.

तुझा,
देविदास